गांडुळे उपाशी आहेत

४ फेब्रुवारी २००७, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कर्त्या माणसांनी लिहावी. भोरची आमची नदीकाठची आळी पाडून तिथे 'नीरातीर पर्यावरणपूरक वसाहत' उभी राहिली. तीन मजले, गच्चीत सोलर, नदीच्या अंगाला जॉगिंग ट्रॅक (सध्या त्यावर मिरच्या वाळतात). वसाहतीच्या पर्यावरण समितीच्या अध्यक्षपदी मी, जलाल आतार, निवृत्त हेडक्लार्क, एकमताने निवडून आलो. सभेला दुसरे कोणी नव्हते. २७ तारखेला 'हरित वसाहत' पुरस्कारासाठी पुण्याहून पथक येणार. भाषण लिहायला घेतले.

६ फेब्रुवारी
गांडुळे आली. घरोघरचा ओला कचरा नदीच्या अंगाला खणलेल्या खड्ड्यात जाणार, गांडुळे तो खाणार, खत होणार. बिनचूक योजना. चोवीस घरांना चोवीस हिरव्या बादल्या वाटल्या. संध्याकाळी स्वतः फेरी मारली. एकूण ओला कचरा: चहाचा चोथा, तोही आमच्याच घरचा. शेजारच्या चंद्राबाईंनी बादलीत गहू भरून ठेवलेत. म्हणाल्या, लई नामी बादली दिलीत, जलालभाई, झाकण बी घट्ट बसतंय.

९ फेब्रुवारी
कारण सापडले. या लोकांना कचरा करताच येत नाही. साले शेळीला, खरकटे कोंबड्यांना, शिळ्या भाकरीचा कुस्करा नवऱ्याला. शाश्वत जीवनाचे शिक्षण नसले की असे होते. जिन्यात सूचना लावली: 'प्रत्येक कुटुंबाने रोज किमान एक किलो ओला कचरा निर्माण करावा. हुकुमावरून.' कोणीतरी खाली लिहिले, 'आधी एक किलो भाजी द्यावी.' अक्षर ओळखीचे वाटते. मुलगी सानिया असेल असे वाटत नाही.

११ फेब्रुवारी
विरोधाचे मूळ माझ्याच घरात! बायकोची, खुर्शिदाची शेळी, मोगरी. जुन्या आळीतून आली ती जिन्याखाली राहिली. सगळ्या बायका आपापली साले आणून तिला चारतात आणि तिथेच तासभर गप्पा मारतात. म्हणजे माझा सगळा कच्चा माल एका जनावराच्या पोटात. खुर्शिदाला शांतपणे समजावले. ती म्हणाली, अवो, मोगरी दूध देती, तुमची गांडुळं काय देत्यात? मी म्हणालो, खत. ती म्हणाली, खत बी देती की, रोजच्या रोज, सूचना न लावता. वाद घालण्यात अर्थ नाही. अडाणीपणापुढे मी नेहमीच मोठे मन ठेवतो.

१३ फेब्रुवारी
मोठे मन ठेवायची वेळ गेली. नियम क्र. १४: वसाहतीत जनावर बांधण्यास मनाई. मीच मांडला, मीच मंजूर केला. सानिया म्हणाली, अब्बा, हे नका करू, अम्मी जाईल. मी हसून म्हणालो, शेळी जाईल. अम्मी कुठे जाते!

१४ फेब्रुवारी
अम्मी गेली.
तिचा भाऊ एहसान टेम्पो घेऊन आला. मोगरी मागे, खुर्शिदा पुढे, दोघी माहेरी, वरवे बुद्रुकला. जाताना म्हणाली, आळी पाडली तवा म्या काय बोलले न्हाई. चूल गेली, अंगण गेलं, तवा बी न्हाई बोलले. आता एक शेळी ऱ्हायली हुती. एवढे बोलून पदराने तोंड पुसले. धूळ फार आहे टेम्पोत. दोन दिवसांत येईल. सानियाने भात केला. करपला. गांडुळांना दिला. प्रकल्पाला गती आली आहे.

१७ फेब्रुवारी
आली नाही. बादल्याही रिकाम्याच. बायका आता साले ओच्यात घेऊन पूल ओलांडतात आणि पलीकडे गेनबाच्या म्हशीला घालतात. चंद्राबाईंना जाब विचारला. म्हणाल्या, खाणाऱ्याच्या तोंडातलं काढून खड्ड्यात घालायचं व्हय? आमच्याच्यानं न्हाई व्हायचं. आन भाभीला कवा आणताय? विषयांतर. गांडुळे मोजली. मोजता येतील एवढीच उरलीत. तातडीने काही केले पाहिजे.

१९ फेब्रुवारी
तोडगा! नसरापूरच्या बाजारात कोबीचे पाले, सडके टोमॅटो ढिगाने पडून असतात. कुमार टेम्पोवाल्याला राजी केले, रोज एक खेप. डिझेल जळते, पण पर्यावरणासाठी जळते. खड्डा काठोकाठ भरला. दुपारी लोडशेडिंगमध्ये पंखे बंद, तरी नदीकडच्या सगळ्या खिडक्या लावलेल्या होत्या. लोकांना उजेड सोसत नसावा.

२२ फेब्रुवारी
सानिया परीक्षेच्या अभ्यासाला वरव्याला गेली. म्हणाली, तिकडे हवा बरी आहे. नदीकाठची हवा सोडून कुणी हायवेला जाते का? असो. मला निवांतपणा हवाच होता. चहा करायला घेतला. साखरेचा डबा सापडला नाही. तीस वर्षांत तो कुठे असतो हे विचारायची वेळच आली नव्हती.

२७ फेब्रुवारी
तपासणी उत्तम झाली. पथकातल्या साहेबांनी सगळा वेळ नाकाला रुमाल लावून ऐकून घेतले. अशी एकाग्रता हल्ली दिसत नाही. विचारले, रोजचा कचरा किती? छाती काढून सांगितले, तीनशे किलो. त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा सांगितले. घरे चोवीस? चोवीस. म्हणजे घरटी साडेबारा किलो, असे म्हणून त्यांनी लिहून घेतले. चेहऱ्यावर प्रभाव स्पष्ट दिसत होता. खुर्शिदाला आता वर्तमानपत्रातूनच कळेल.

७ मार्च
पत्र आले. 'पाहणी केलेल्या सर्व वसाहतींत सदर वसाहत घरटी सर्वाधिक कचरा करणारी आढळली. रहिवाशांना कचरा कमी करण्याचे प्रशिक्षण द्यावे.' म्हणजे पहिला क्रमांक आपलाच. सभेत मोठ्याने वाचून दाखवले. या वेळी झाडून सगळे आले होते. कोणी हसले नाही, तेच लागले. चंद्राबाई उठल्या. म्हणाल्या, आमी जलमात कचरा केला न्हाई, जलालभाई, आन तुमी आमाला कचरेवाले केलंत. समिती बरखास्त. नियम क्र. १४ रद्द. मी तटस्थ राहिलो, कारण मला कोणी विचारले नाही.

१० मार्च, रात्री ८
सकाळी वरव्याला गेलो. नियम रद्द केल्याची खबर स्वतः द्यावी, ती लगेच बोचके बांधेल, असा हिशेब. खुर्शिदा अंगणात शेळीचे दूध काढत होती. सांगितले. तिने मान वर केली नाही. म्हणाली, मोगरी हितं रुळली. धार काढता काढता म्हणाली, म्या बी. सानियाने चहा दिला. गोड होता.
मी म्हणालो, घर रिकामे आहे. खरे तर, मला करमत नाही, असे म्हणायचे होते. ती म्हणाली, पुरस्कार न्हाई का मिळाला सोबतीला?
निघताना मात्र आत गेली आणि एक पिशवी हातात दिली, तोंड गाठ मारून. घट्ट, जड. भाकरी असणार, आणि लाल चटणी. राग गेला, ओळखले. बायकोला मी ओळखतो. कापूरव्होळला एसटी बदलली, जागा मिळाली, गाठ सोडली.
कांद्याची साले. शेंगांच्या शिरा. वांग्याचे देठ. पंधरा दिवसांचे तरी असतील, शेळीला न घालता माझ्यासाठी राखून ठेवलेले.
शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने विचारले, काय हाय पिशवीत? गाठ परत मारली. म्हणालो, डबा आहे, घरून दिलाय.