चेअरमनच्या चहातली साखर

अप्पा,

काल मी तुमच्या विरोधी पॅनलवाल्याच्या पोराकडे गेले होते. दचकू नका, मत मागायला नाही. तो आता डॉक्टर आहे, केजला स्टँडच्या मागं त्याचा दवाखाना आहे, आणि मला शाळेत फळ्यापुढं उभ्या उभ्या चक्कर आली होती. त्यानं रक्त तपासलं, दाब मोजला. शुगर निघाली, बीपी निघालं, आणि किडनीवरही ताण दिसतोय म्हणाला. मी म्हटलं, "एकदम सगळंच?" तर म्हणाला, "ताई, हे आजार एकटे येतच नाहीत. पन्नाशीनंतर माझ्याकडं येणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं. एक सापडला की मी बाकीचे हुडकायला लागतो." ते ऐकून मला तुमची आठवण आली आणि पाठोपाठ राग आला. कारण हेच तुम्ही जन्मभर सांगत आलात, फक्त सोसायटीच्या निवडणुकीबद्दल. "एकटा माणूस कधी उभा ऱ्हात न्हाई. एक दिसला की त्याचं पॅनल हुडकायचं." गावातल्या प्रत्येकाच्या पोटातलं ओळखणारा माणूस स्वतःच्या पोटाबाबत इतका ठोंब्या कसा राहिला, हे मला अजून उमगलेलं नाही.

तुम्ही दूध सोसायटीचे चेअरमन होतात. जणू दिल्लीचं तख्तच. त्या खुर्चीपायी तुम्ही तुमच्या दुखण्यांना गावं वाटून दिली होती: शुगर अंबाजोगाईला, बीपी लातूरला आणि गुडघे बीडला. एका गावच्या डॉक्टरला दुसऱ्या गावचं दुखणं कळू द्यायचं नाही, आणि केजला तर पायच ठेवायचा नाही, कारण तिथल्या बाकावर कुणी ना कुणी मतदार बसलेला असणार. घरातून निघताना कायम कुणाचं तरी लग्न असायचं. आई विचारायची, "भर दुष्काळात एवढी लग्नं कुनाची निघाल्यात?" तुम्ही नुसतं खाकरायचात. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तुमचं तत्त्वज्ञान. चेअरमन आजारी आहे असं कळलं की संचालक फुटतात म्हणे. म्हणून शुगरच्या गोळ्या आईच्या मसाल्याच्या डब्यामागं, बीपीच्या जीपमध्ये आणि गुडघ्याच्या तेवढ्या नेहरू शर्टाच्या खिशात. त्या लगेच गुण द्यायच्या. तुम्हाला जवळ कायम लगेच गुण देणारेच लागायचे, माणसं असोत की गोळ्या.

त्या दुष्काळी वर्षाचं अजून डोळ्यांपुढं आहे: सोसायटीनं नांदूरघाटच्या रस्त्याला चारा छावणी लावली आहे. मी तुमचा डबा घेऊन येते तर तुम्ही मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले, भोवती माणसं. दुधाचा थेंब नाही म्हणून काळा चहा, आणि दूध नाही त्याची भरपाई म्हणून त्यात साखर दुप्पट. जो येतो तो चेअरमनला चहा देतो आणि तुम्ही घेता. नाही म्हणालात तर त्याचा अपमान, बिनसाखरेचा मागितला तर मूठ उघडली. पाणी मात्र घोटभरच, कारण टँकरचं पाणी जनावरांना पुरत नाही आणि गुडघ्यामुळं सारखं उठणं तुम्हाला जमत नाही. तेवढ्यात एकाची लंगडती गाय येते. जनावरांच्या दवाखान्यातून आलेला माणूस वाकून तिचा खूर बघतो, आणि तुम्ही खुर्चीतून ओरडता, "नुसता खूर काय बघतो बे? खाती का, मुतती का, डोळं कसं हायती? जनावर पुरं बघावं की!" सगळे माना डोलावतात. चेअरमनला लई कळतं! आणि त्याच दमात तुम्ही खिशातली गोळी काढून साखरेच्या पाकासारख्या चहाबरोबर गिळता. ती गाय तुमच्यापेक्षा नशीबवान होती, तिचा मालक तुम्ही नव्हतात.

त्याच महिन्यात मी तुमच्याबरोबर बीडला आले. गुडघ्याच्या डॉक्टरनं सरळ विचारलं, "शुगर, बीपी काही?" तुम्ही म्हणालात, "न्हाई. शेतकरी मानूस हाय, काय होतंय?" मी तोंड उघडलं तर टेबलाखालून तुम्ही माझा हात असा दाबलात की बांगडी पिचली. डॉक्टरनं तीच गोळी आणखी जोराची लिहून दिली. बाहेर जीपपाशी तुम्ही माझ्यावर धावून आलात, "तू माझी पोरगी हायेस का विरोधी पॅनलची?" मी म्हटलं, "अप्पा, डॉक्टरला तरी खरं सांगावं." तर म्हणालात, "कावून सांगू? डॉक्टरला काय नातेवाईक न्हाईत?" मग रसवंतीपुढं जीप थांबवून माझ्यासाठी उसाचा रस घेतलात, आणि मी रागानं हात लावला नाही तर माझाही ग्लास तुम्हीच प्यायलात.

पुढं तोंड सुजलं, पाय सुजले. लातूरला नेलं तेव्हा दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डॉक्टर आमच्यावरच ओरडले, की शुगर आणि बीपी असलेल्या माणसाला, त्यात अंगात पाणी नसताना, इतके दिवस गुडघेदुखीच्या गोळ्या कुणी चारल्या? कुणी म्हणजे कुणीच नाही. प्रत्येक डॉक्टर आपल्या जागी बरोबर होता. त्यांना एकमेकांपासून लांब ठेवलंत तुम्ही, पण आत शरीरात सगळ्या दुखण्यांची केव्हाच युती झाली होती. तुमच्या दहाव्याला तो विरोधी पॅनलवाला आला. ओट्यावर बसला आणि आईला म्हणाला, "चेअरमनला शुगर हाय हे समद्यांना ठावं व्हतं वहिनी. आमी कशाला बोलावं? मलाबी हाय की. मीबी त्यांच्यापुढं गोडच चहा प्यायचो." अप्पा, मला तिथंच हसू फुटलं असतं. दोन पुढारी, आजार एकच, आणि भर उन्हात एकमेकांना साखर पाजताहेत, कशासाठी, तर ज्या सोसायटीला आता कुलूप आहे आणि जिच्या शीतकरण केंद्रात पारवे घुमतात तिच्या खुर्चीसाठी. या अडाणीपणाची मला लाज वाटली. अजून वाटते.

त्याला निदान पोराला डॉक्टर करण्याची अक्कल सुचली. त्या पोरानं काल चष्मा काढून ठेवला आणि शेवटी विचारलं, "ताई, वडिलांना काय काय होतं? खरं सांगा. कोणती औषधं तुम्हाला चालतील हे त्यावरसुद्धा ठरतं. किडनी अजून सांभाळता येईल."

मला सगळं पाठ होतं. कुठली गोळी कुठं ठेवलेली, कुठला डॉक्टर कुठल्या गावचा. इतकी वर्षं मनात तुमच्याशी भांडून भांडून पाठ झालेलं. दार अर्धं उघडं होतं आणि बाकावर आपल्या गावची दोन माणसं बसली होती. मी म्हटलं, "काही नव्हतं. अप्पा धडधाकट होते." त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या बापानं त्याला सगळं सांगितलेलंच असणार. तो नुसतं "बरं" म्हणाला आणि सोमवारी परत यायला सांगितलं. बाहेर पडताना त्या दोघांनी विचारलं, "बाई, हिकडं कशा?" मी म्हटलं, "जरा सर्दी झालीय."

सोमवारी जाईन, आणि खरं सांगेन असं आत्ता तरी वाटतंय. हे पत्र कुठं धाडायचं नाही, पण घरात कुणाच्या हाती लागायलाही नको, म्हणून मसाल्याच्या डब्यामागं ठेवते आहे. कालपासून माझ्या गोळ्याही तिथंच आहेत.