अण्णांचा नवा ब्रश

अहो,

आज सकाळी जे झालं ते तुम्हालाच सांगण्याजोगं आहे, म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील.

तुम्ही गेल्यापासून अण्णांची दाढी मीच करते. नव्वदीच्या सासऱ्यांची दाढी सुनेने करायची, आधी दोघंही लाजलो. पण त्यांचे हात थरथरतात, आणि तुम्ही लावलेली दिवसाआडची सवय मोडायची कशी? गेल्या महिन्यात तुम्ही वापरलेल्या ब्रशाचे केस मुळापासून सुटले. मी दापोलीच्या बाजारातून तस्साच आणला, डुकराच्या केसांचा.

पहिलाच हात फिरवला आणि अण्णा कळवळले. गालावर लाल ओरखडे. तुमचं नाव घेऊन म्हणाले, "हा बाळूने वापरलेला नाय गो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोफळीला वीजकेंद्राच्या कॉलनीत होतो तेव्हापासून तुमचा ब्रश कायम नवा, नारळाच्या सोडणासारखा राठ. जरा मऊ झाला की तुम्ही दुसरा आणायचात. "एवढी कसली हौस ब्रशांची?" म्हणून मी चिडवायची. तुम्ही म्हणायचात, "नवा असला की तोंडाला जाग येते." काय पण बहाणा! मऊ झालेला अण्णांकडे जायचा, टोचणारा तुमच्या गालावर. अण्णा तेवढे ओळखून होते, पण तेही कधी बोलले नाहीत. बापलेक सारखेच. मला सांगायला काय झालं होतं हो?

"नको आता दाढी," म्हणून अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले. जेवणही कमी केलं. मला भीतीच वाटली.

नुसता भिजवून ठेवला, तरी ब्रशाचा राठपणा जाईना. दुकानदार म्हणाला, केसांची टोकं वापरूनच उकलतात, मगच मऊ होतो. मग काय, रोज न्हाणीघराचं दार लावायचं, ब्रश कोमट पाण्यात भिजवायचा, साबण लावून माझ्याच गालावर फिरवायचा आणि तुमच्यासारखा स्वच्छ धुऊन उलटा टांगायचा.

आज अण्णांना बळेच बसवलं. फेस झाला तसे डोळे मिटून म्हणाले, "हां, आता झाला बाळूचा." मग माझ्याकडे बघत राहिले. "तुझा गाल कशाने लाल झालाय गो?"

मी म्हटलं, "नवा असला की तोंडाला जाग येते."

अण्णा हसले, तुमच्यामागे पहिल्यांदाच. मला तुमचा फार अभिमान वाटला, आणि रडूही आलं.

पुढचा ब्रश आजच आणून भिजत घातलाय. अण्णा आहेत तोवर त्यांच्या गालाला नवा ब्रश लागणार नाही, हा माझा शब्द.

तुमचीच,
सुलभा