तणमोराच्या राखणीची वाटणी

मी चिमणा पुंजाराम मौले, वय सतरा, धंदा शेती, म्हणजे भेंडी-दोडके तोडणं, राहणार सायखेडा, जिल्हा नाशिक. डोकं ठिकाणावर ठेवून, कोणी दटावलं नाय की फूस लावली नाय, हा कागद लिहिते. आजाच्या मृत्युपत्राची नक्कल समोर ठेवली हाय. ते मोतीराम तात्यांनी लिहिलेलं. तात्या म्हणले, अठरा पुरी झाल्याबिगर तुझं कायद्यात चालत नाय. मी म्हणलं, घरात चाललं तरी बास.

सोमवारी नाशिकला माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन हाय. डॉक्टर हसून म्हणले, महिन्यानं गवत कापशील. मरायचा माझा विचार नाय. पण गायरानात तणमोरीण अंड्यांवर बसलीय. मी नसले तर तिच्याकडं बघणार कोण?

कलम १. माझा विळा धाकट्या लताला. धार तिनं स्वतः लावायची. शेळी पण तिलाच. ढुशी मारते, पण मनानं चांगली हाय. नव्या चपला कोणाला नाय, त्या घालूनच मी नाशिकला जाणार.

कलम २. गायरान गावाचं, ते मला देता येत नाय. राखण मात्र माझी. तणमोर कोंबड्याएवढा, काळापांढरा. पावसाळ्यात गवतातून माणसाच्या डोक्याइतकी उंच उडी मारतो, खाली पडतो, परत मारतो. दिवसभर तेच, मादीला दाखवायला. जरा लाजत नाय. मला तर चार पोरींत 'हजर' म्हणता येईना, म्हणून सहावीतच शाळा सुटली. त्याला मारायला सरकारची बंदी हाय, तरी जीपवाले येतात. उडाला की दिसतो, दिसला की गोळी.

कलम ३. झुंबरकाका. माझा सख्खा चुलता आन जीपवाल्यांचा वाटाड्या. पण मागल्या सालची चूक माझी. बियाला ठेवलेल्या दोडक्याला आपण चिंधी बांधतो, कोणी तोडू नये म्हणून. तशी मी तणमोराच्या जागेवर काठीला चिंधी बांधली, गवत कापणाऱ्यांनी तेवढं सोडावं म्हणून. काकानं ती ओळखली आन जीप थेट तिथं आणली. नर गेला. मग मी काकाशी बोलणं सोडलं. आधी पण फार बोलत नव्हते, त्यामुळं त्याला ते कळायला दिवाळी उजाडली.

कलम ४. यंदा दुसरा नर आला, तवा कुसाआजीनं जुनी लुगडी-चोळ्या फाडून दिल्या. शंभर काठ्या रोवल्या, साऱ्या गायरानात, काळ्या-पांढऱ्या चिंध्या. वारा आला की शंभर तणमोर उडतात. जीपवाल्यांनी अकरा गोळ्या घातल्या आन आजीच्या चोळीला दोन भोकं पाडली. खरा तणमोर त्यांच्या पाठीमागं उड्या मारत होता. भोकाचं फडकं आजी गावभर दाखवते. ते तिचंच, त्यात कोणी वाटा मागू नये.

कलम ५. पण वारा पडला की चिंध्या लोंबतात. तवा माणूस लागतो, जीप यायच्या आधी गायरानात हिंडून नराला गवतात दबवणारा. जीप कोणत्या वाटेनं येते ते एकट्या काकाला ठाऊक. म्हणून काल मीच त्याच्या दारात गेले. 

"काका, तणमोराची राखण तुझ्या नावावर लिहू का?"

त्यानं मळलेली तंबाखू झटकून टाकली. "चोराच्या हाती किल्ली देतीस व्हय गं?"

"वाटा तुलाच ठाऊक," मी म्हणलं.

मग त्यानंच सांगितलं. चोळीला गोळी लागली तवा हसू दाबायला त्यानं टॉवेल तोंडात कोंबला होता. खरा तणमोर त्याला दिसला होता, पण सायबाला दाखवला नाय. का, ते सांगितलं नाय. म्या विचारलं पण नाय. उठताना मात्र तो फुगून म्हणला, "मेलीस तर मला राखण. आन जगलीस तर मला काय?"

म्हणून अखेरचं असं ठरवते. मेले तर राखण सगळी काकाची. जगले तर निम्मी. सकाळ त्याची, संध्याकाळ माझी.

ह्या कागदावर काकाची सही नाय. ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं, असं तात्या म्हणले. आन तो घरात हाय कुठं? आज वारा पडलाय, तांबडं फुटायच्या आतच गायरानात गेला.

सही: चिमणा पुंजाराम मौले

साक्षीदार:
१. मोतीराम धोंडीराम विधाते (सही)
२. कुसाबाई सावळीराम मौले (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: सायखेडा
शनिवार, ता. २८ ऑगस्ट १९८२