बिजलीची खाज आणि माझी पगडी

१४ सप्टेंबर
आमची मांजर बिजली कालपासून खाजवतेय. लेक शिखा, इथल्या शाळेमुळे हिंदीतच बोलते, म्हणाली, पापा, पिस्सू हैं, डॉक्टर को दिखाते हैं. तिला ठणकावून सांगितलं, पिसवा रस्त्यावरच्या मांजरांना होतात, आम्हा मराठा सरदारांच्या घरात नाही. बिजलीला टेन्शन आहे. बायकोच्या, म्हणजे शरयूच्या, सीरियल बंद करणे.

१५ सप्टेंबर
सीरियल चालूच. बिजलीला खोबरेल चोळलं. तिने ते अर्धं चाटलं, उरलेलं सोफ्याला पुसलं. बायकोने सोफ्याची कव्हरं मला धुवायला लावली.

२० सप्टेंबर, सकाळी
दसऱ्याला छावणीतल्या आमच्या मंडळात शमीला तलवार लावायचा मान यंदा माझा! दरवर्षी मंडळातले सूर्याजीराव मिरवतात. यंदा बघत बसतील. आजोबांची पगडी उन्हात ठेवली.

संध्याकाळी
बिजली पगडीत झोपलेली. शरयू म्हणाली, आधी हाकला तिला. नाही हाकललं. मुक्या जनावरालाही खानदान कळतं.

२५ सप्टेंबर
बिजलीला कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ घालायला गेलो. अंघोळ माझी झाली. हातभर ओरखडे. शिखा म्हणाली, पडाव मोहल्ले में जानवरों के डॉक्टर बैठते हैं, ले चलूँ? म्हटलं, दसऱ्यानंतर. बिजलीच्या मानेवरचे केस गेलेत. बघवत नाही. पण आत्ता वेळ कुठाय?

२८ सप्टेंबर
रोज पगडी घालून आरशासमोर तलवारीची प्रॅक्टिस. डोक्याला जरा खाज. शाम्पू बदलणे.

३० सप्टेंबर
कानामागे पुरळ. जबाबदारीचं टेन्शन, दुसरं काही नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
सगळं मंडळ जमलेलं. तलवार उचलली आणि पगडीत एकदम फौज उठली. दोन्ही हात तलवारीला, खाजवू कशाने? शेवटी तलवार टाकली, पगडी भिरकावली आणि चारचौघांत दोन्ही हातांनी डोकं खाजवलं. तलवार सूर्याजीरावांनी उचलली. नंतर मला सोनं दिलं, तेही लांबूनच.

४ ऑक्टोबर
शिखाने बिजलीला पडावला नेलं. मलाही. डॉक्टरांनी तिच्या मानेवर औषधाचे थेंब टाकले, घर नीट झाडून-धुऊन घ्यायला सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, इनको इंसानों वाले डॉक्टर को दिखाइए.

८ ऑक्टोबर
बिजली आता शांत झोपते. बरं वाटलं, लाजही वाटली. कुरवाळायला गेलो तर उठून गेली. शरयू म्हणाली, तुमची खाज जाईपर्यंत बाहेरच्या खोलीत झोपा. खाटेवरून आतलं दिसतं. माझ्या उशीवर बिजली आहे.