चामखीळ आणि बाबांचा घास

१२ जानेवारी
शेवटी कांचघर मोहल्ल्यातल्या स्किनवाल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. उजव्या तर्जनीच्या टोकाला चामखीळ, शेजारच्या बोटावर तिचं पिल्लू. "भैया, ये वायरस है, छूने से फैलता है." रोज बोट कोमट पाण्यात बुडवायचं, वरची मेलेली कातडी हलकेच घासायची, भोवती व्हॅसलीन, मधोमध औषधाचा थेंब. दोन-तीन महिने लागतील. सहज बोलून गेलो, बाबांना मी हाताने भरवतो. त्या लिहिता लिहिता थांबल्या. "अभी चम्मच से खिलाइए."
चमच्याने? बाबांना?

१३ जानेवारी
बाबांनी चमचा दातात दाबून धरला. मग तोंड मिटलं ते मिटलंच. लकव्याने उजवी बाजू गेली तेव्हा दवाखान्यात चमच्याने पेज पाजायचे. आता चमचा दिसला की त्यांना वाटतं, पुन्हा भरती करून राहिले. डावा हात धड आहे, पण त्या हाताने जेवणार नाहीत. सुषमाने भरवून पाहिलं, तर सुनेच्या हातून घास घ्यायची लाज. दूध पिऊन झोपले.

१६ जानेवारी
काल रबरी हातमोजा घालून पाहिला. वास येतो म्हणून थुंकले.
आज डावा हात. माझा डावा स्वच्छ आहे, एक ठिपका नाही. बाबांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलणं तुटक झालंय, हे मात्र अगदी नीट बोलले. "डाव्या हातानं काहून चारून राहिला? कुत्रा आहो का मी?"
राग आला. मग वाईट वाटलं. नुसत्या दुधावर किती दिवस काढणार? उचलून बसवताना कळतं, हलके झालेत. लवकर बरी व्हायला हवी ही चामखीळ.

२० जानेवारी
घाई नडली. काल रिछाईच्या आमच्या कारखान्यातून बारीक कानस खिशात घालून आणली. लोखंडाचा उंचवटा सपाट करतो तशी चामखीळ घासली. रक्त आलं, तरी वर औषध ओतलं. व्हॅसलीन साफ विसरलो. नुसती आग.
आज बोट सुजून टम्म. डॉक्टरीणबाई तडकल्या, "उँगली है, पुर्ज़ा नहीं!" औषध बंद, पट्टी. म्हणजे अजून उशीर. हे मी, लेथ मशीनवर मापात काम करणाऱ्याने करावं!

२२ जानेवारी
बाबांशेजारी ताट घेऊन बसलो. सुषमाने वरण-भात कालवून दिला. डाव्या हाताने जेवायला गेलो, भात मांडीवर. बाबा बघत होते.
"काय झालं रे बोटाले?"
सगळं सांगितलं, कानशीसकट. हसले. किती दिवसांनी! अर्धंच तोंड हसतं त्यांचं. "येडा आहेस." मग डावा हात पुढे करून माझ्या ताटातला घास उचलला. मला वाटलं मला भरवतात. स्वतःच्या तोंडात घातला. निम्मा सांडला.
"चलो, दोघंही डावे."
सुषमा ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मीही खाली मान घालून जेवत होतो.

१९ फेब्रु.
औषध पुन्हा चालू. या वेळी व्हॅसलीन आधी. रोज एक पापुद्रा निघतो. कंटाळवाणं काम, पण घाई करायची नाही. बाबा ताटात निम्मं सांडतात, निम्मं पोटात जातं. अंग धरलंय जरा.

८ एप्रिल
डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं. मोठी गेली, पिल्लूही गेलं. बोटावरच्या रेषा परत दिसतात. "अब हाथ से खिलाइए. पर नज़र रखना, लौट भी सकता है."
येताना मन कसं हलकं. संध्याकाळी हात धुऊन बाबांसमोर बसलो, भात मऊ कालवला, वर तुपाची धार. घास पुढे केला. बाबांनी माझा हात हळूच बाजूला सारला.
"राहू दे. जमते मले."
आणि डाव्या हाताने जेवू लागले. सांडत, सावकाश.
चांगलंच झालं. हेच तर मला...
सुषमा म्हणाली, "आता काहून तोंड पाडून बसले तुम्ही?"
हातातला घास मीच खाल्ला. अंगठ्याच्या कडेला जिभेला काही खरखरीत लागलं. लेथचा घट्टा असेल. उद्या उजेडात पाहतो.