तीन रोट्यांची रांग

आई,

तू आंघोळीला गेलीस तेवढ्यात लिहितेय. मी कोपऱ्यावरच्या भट्टीवर संगक रोटी आणायला गेलेय. एकटी. काठी घेतलीय, मास्क लावलाय.

करोना आल्यापासून वर्षभर तू मला जिना उतरू दिला नाहीस. "तू बस गं, मी आहे ना!" पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देतेस. आता सकाळी पाय लाकडासारखे असतात आणि तुला वाटतं, माझा नसांचा आजार, एमएस, वाढला. काल डॉक्टर फोनवर म्हणाले, "रिपोर्टमध्ये नवं काही नाही, फिरूजे खानम. पाय बसून बसून आखडलेत." तुला सांगितलं नाही. तू रडली असतीस, आणि मग अजून एक उशी आणून दिली असतीस.

(इथून पुढे दाराशी उभी राहून लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं.)

एकच रोटी घेणाऱ्यांची रांग छोटी असते, ठाऊक आहे. मी तीन घेणार, मोठ्या रांगेत उभी राहणार. कुणी "तुम्ही व्हा पुढे" म्हणालं तरी होणार नाही. उन्हात माझं अंग संप करतं, ते विसरले नाही. ऊन चढायच्या आत येते.

बहमनला फोन करू नकोस. भाऊ असला तरी मला पोत्यासारखं खांद्यावर टाकून आणतो.

येताना जिन्यात बसलेली दिसले, तर हात देऊ नकोस. शेजारी बस. रोटी गरम असेल, तिथेच खाऊ. मग मी उठेन.

फिरूजे