विषय : गळतीबाबत

तीर्थरूप भालूदादास,

धाकट्या कुमुदचा नमस्कार. तुझा गुडघा आणि रमावहिनींची साखर (तुझ्या बोलण्यात दोन्ही नेहमी जोडीने येतात) आटोक्यात असावीत.

सोमवारची पहाटेची बस आठवते ना? खिडकीसाठी आपण अंबडपर्यंत भांडायचो. पुढे जालन्याला तू तुझ्या शाळेत, मी कॉन्व्हेंटात. माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आपल्याकडे कामाला असलेली गोजर स्टॉपपर्यंत यायची. माझ्याच वयाची. बस सुटली की ती परत फिरायची. कुठे, हे आपण कधी विचारले नाही. खिडकीच्या भांडणात सवडच नसायची.

हे आठवले जान्हवीमुळे. माझी ही नात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत इकडे आली आणि (त्या वयात आपण आंबे मोजायचो) तिने गावातल्या मुली मोजल्या. आपली शाळा सातवीपर्यंत. आठवीला घनसावंगीला जावे लागते. तिथली घंटा दहाची आणि बस आपल्या गावात येते साडेदहाला. तीन वर्षांत सातवी झालेल्या अकरा मुलींपैकी नऊ घरी बसल्या. मुलगे एका मोटारसायकलवर तिघे-तिघे जातात (त्यांना कोणी मोजत नाही, पोलीससुद्धा). यंदा पाळी आकांक्षाची. गोजरची नात, गणितात पहिली. तिचा बाप कडूबा मला म्हणाला, "पोरगी हुशार हाये मावशी, मला कळून राह्यलं. पण बस टायमाला न्हाई. रोज तिला सोडाया गेलो तर रान कोण पाहील?"

मुलींच्या अशा घरी बसण्याला सरकारी मराठीत 'गळती' म्हणतात. जान्हवीने पंचायत समितीला अर्ज केला. आणि आठव्या दिवशी, दादा, चार माणसे डांबराचे पिंप घेऊन शाळेच्या छपरावर चढली. मुख्याध्यापक खालून ओरडले की छप्पर गळत नाही, दोनच वर्षांचे आहे. अप्पाराव मिस्त्री वरून म्हणाले, "गुरुजी, सगळे असंच म्हणतात. कागदावर गळती हाये, मंग काढल्याबिगर जाणार न्हाई." तीन दिवस काम चालले. जान्हवी रोज ऑफिसात जाऊन विचारायची, तिला रोज सांगायचे, काम प्रगतिपथावर आहे. मग शेरा पडला : गळती शंभर टक्के बंद. फाइल बंद झाली, आणि जागरूक विद्यार्थिनी म्हणून जान्हवीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरला. (हल्लीच्या कारकुनांचे मराठी किती कच्चे आहे बघ.)

सत्काराला स्वागतगीत म्हणायला आकांक्षा होती. गीत संपले तरी ती जागची हलली नाही. पंचायत समितीच्या साहेबांना म्हणाली, "सर, छत गळत नव्हतं. आम्ही पोरी गळून राह्यलोत."

साहेबांनी आधी छताकडे पाहिले. मग म्हणाले, बस हा विषय आमच्याकडे येत नाही. मागे उभ्या कडूबाने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. बसची आणखी पंधरा दिवस वाट पाहतो, मग पोरगी घरी, म्हणाला. त्यातले चार गेले.

तुझी
कुमुद

ता. क. : कारकुनाबद्दल लिहिले ते मागे घेते. जान्हवीने विषय लिहिला होता, 'सातवीनंतर होणारी मुलींची गळती व बसची वेळ याबाबत'. अर्ज तपासायला माझ्याकडे आला. एका शब्दात भागत असेल तर दुसरा वापरू नये, असे कॉन्व्हेंटात शिकवले होते. मी 'शाळेतील गळतीबाबत' एवढेच ठेवले. खालचा मजकूरही निम्मा केला. बस त्या निम्म्यात गेली. पोरीने हे अजून कोणाला सांगितलेले नाही.

ता. ता. क. : छप्पर आता तिसरीच्या वर्गात थोडे गळते.

शेवटचे : तू एसटीतून निवृत्त झालास तरी डेपोत तुझा शब्द चालतो, असे वहिनी म्हणतात (तू स्वतःही बरेचदा म्हणतोस). बस साडेनऊला गावात यावी. शेजारच्या अपूर्वबरोबर सामान पाठवते आहे, ते असे वाटावे : लिंबाच्या लोणच्याची बरणी वहिनींना, साखर घातलेली नाही. सत्काराची शाल डेपोच्या साहेबांना. नारळ ड्रायव्हरला, पहिल्या दिवशी बसपुढे फोडायला. जान्हवीचा मूळ अर्ज, एकही शब्द न खोडलेला, तुला; टपालात टाकू नकोस, डेपोच्या साहेबांच्या हातात नेऊन दे. आणि खिडकी आकांक्षाला. ती माझ्या वाटणीची समज.